खांद्यावरचा वरवंटा

दत्तूअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते महाडच्या बाजारपेठेतून खांद्याला वरवंटा लटकावून चालले होते.

वरवंटा स्वच्छ धुतलेला होता. पंच्याच्या तुकड्यात नीट गुंडाळून तो एका रुंद पट्ट्याला दोन्ही टोकांनी बांधला होता. अण्णा दहा पावलं चालायचे, थांबायचे, खांदा वरखाली करायचे, एकदा वाकायचे, एकदा जागच्या जागी उडी मारायचे आणि पुन्हा चालू लागायचे. धोतर, कोट, काळी टोपी घातलेला पन्नाशीचा माणूस भर बाजारात उड्या मारतो आहे हे पाहून मी थांबले. बाकी कोणी थांबलं नव्हतं. कोपऱ्यावरची भाजीवाली तेवढी म्हणाली, "अण्णा, पाटा घरी विसरलात काय?"

"पाट्याला हा पट्टा पुरणार नाही," अण्णा गंभीरपणे म्हणाले आणि पुढे गेले.

मी तेव्हा नुकतीच नर्स म्हणून महाडला बदलून आले होते. नव्या गावी गेले की पहिल्या आठवड्यात मी तीन याद्या करते: दूध कुठे चांगलं मिळतं, एस.टी. किती वाजता सुटते आणि कोणापासून लांब राहायचं. दत्तूअण्णांचं नाव मी तिसऱ्या यादीत घातलं. ते खोडायला मला दोन महिने लागले.

अण्णा फोटोग्राफर. एस.टी. स्टँडजवळ त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. पण गिऱ्हाइकांनी दुकानात यावं आणि पडद्यापुढे बसावं असा त्यांचा धंदा नव्हता. महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांमधली निम्मी माणसं मुंबईला गिरणीत किंवा गोदीत. घरी राहायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. मुंबईहून पत्र यायचं, "धाकटा चालायला लागला म्हणतात, फोटो पाठवा." की अण्णा कॅमेरा खांद्याला लावून निघाले. एस.टी. नेईल तिथवर एस.टी., पुढे पाय. मीही बाळंतिणींच्या आणि म्हाताऱ्यांच्या भेटींसाठी त्याच गाड्यांनी आणि त्याच पायवाटांनी जायची. माझी औषधांची पिशवी गाडी सुटेपर्यंत मी त्यांच्या दुकानात ठेवायची. ओळख झाली ती अशी.

वरवंट्याचा खुलासा त्यांनी ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात केला. वाण्याच्या तराजूत एका पारड्यात केससकट कॅमेरा आणि दुसऱ्यात वरवंटा घालून पाहिला होता. फरक एका सुपारीचा. "मग पट्ट्याची परीक्षा कॅमेऱ्यावर कशाला घ्यायची? वरवंटा पडला तर पडला."

"आणि चटणी?"

"मी एकटा माणूस. पाटा नुसताच असतो भिंतीला टेकून."

पट्ट्याचा त्यांना नाद होता, आणि साधा नव्हता. मी ओळखू लागल्यापासून नऊ पट्टे झाले. सुंभाचा केला, त्याने मान सोलली. पलंगाच्या नवारीचा केला, तो मऊ होता, रुंद होता, पण कोटावरून घसरायचा आणि भिजला की वीतभर लांब व्हायचा. टांगेवाल्याकडून घोड्याच्या जुन्या साजाचं कातडं आणून एक शिवून घेतला. तो मजबूत निघाला, पण स्टँडवरचा घोडा अण्णा दिसले की मान लांब करून त्यांचा खांदा हुंगायचा. "भावाला ओळखतो तो," टांगेवाला म्हणायचा. अण्णांनी तो पट्टा रद्द केला. घोड्याच्या भावनांशी खेळू नये, असं त्यांचं मत पडलं.

पाचाडला रायगडावर माणसं वाहणाऱ्या डोलीवाल्यांकडे ते दोनदा जाऊन बसले. एका म्हाताऱ्या डोलीवाल्याने त्यांना सांगितलं, "अण्णा, वज्यानं मानूस पडत नाय. वजं झुललं का पडतो." तेव्हापासून अण्णा पट्टा एका खांद्यावर टांगेनासे झाले. छातीवरून आडवा घेऊन कॅमेरा पाठीला, कमरेच्या वर घट्ट बसवू लागले. बक्कल छातीवर. "पाठीमागचं बक्कल म्हणजे पाठीमागे बोलणारा माणूस," ते म्हणायचे. "काय करतोय ते दिसत नाही."

त्यांचं एक पालुपद होतं: "आधी खांद्याला विचारा." कोणी तांदळाचं पोतं उचलायला निघाला, हेच. कोणी मुलीचं स्थळ घेऊन आला, तरी हेच. "खांद्याला विचारा. डोळे काय, कशालाही हो म्हणतात."

एकदा पोलादपूरच्या गाडीत मी वैतागून म्हटलं, "अण्णा, हे सगळं एका कॅमेऱ्यासाठी?"

अण्णांनी कॅमेरा मांडीवर घेतला. मग त्यांनी सांगितलं ते मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं.

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या तुकारामाने मुंबईहून लिहिलं होतं, आयेचा एक फोटो काढा. म्हातारी तयार होईना. चांगलं लुगडं नाही म्हणाली, दात नाहीत म्हणाली. शेवटी शेजारणीचं लुगडं नेसून बसली आणि अण्णा "हलू नका" म्हणाले त्याच क्षणी हसली. "तसं हसणं मी पुन्हा पाहिलं नाही. बोळकं तोंड, पण दिवा लावल्यासारखं." परतताना ओढ्यात पट्टा तुटला. कॅमेरा खडकावर आपटला, पाण्यात गेला, रोल गेला. तो पट्टा मूळचा कातड्याचा. पावसाळ्यात ओला झाला की अण्णा तो चुलीवरच्या दांडीवर वाळत घालायचे. इथे सगळेच घालतात, वहाणा, घोंगड्या, काय वाटेल ते. चार महिन्यांत कातडं आतून वाळून ठिसूळ झालं होतं. दिसायला धडधाकट.

"दुसरा कॅमेरा मिळवून वर गेलो तर म्हातारी गेलेली. तुकाराम दर गणपतीला येतो. दुकानात येऊन बसतो, चहा घेतो. एक शब्द बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

मी वही उघडली. माझ्याकडे वाडीवार यादी असते. त्याच वाडीत, चौदा नंबरला, गुडघ्यांची आणि खोकल्याची एक म्हातारी होती. "अण्णा, तुकारामाच्या आईची बहीण आहे तिथे. जिवंत आहे. लोक म्हणतात, दोघी एका तोंडवळ्याच्या."

अण्णांनी माझ्या हातातून वही घेतली आणि चौदा नंबर तीनदा वाचला.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी निघतील. छे! नवा पट्टा हवा होता. खाली नवार, वर पातळ कातडं, टोकांना दुहेरी शिवण, बक्कल दोन. चांभाराला चार वेळा उसवायला लावला. मग वरवंटा सुरू झाला. बाजारातून, नदीच्या घाटावर, पायऱ्यांवर. दोन महिने गेले. म्हातारीचा खोकला मी दर पंधरवड्याला ऐकत होते आणि तो मला आवडत नव्हता.

"अण्णा, ती तुमच्या पट्ट्यासाठी थांबणार नाही."

"एकदा घाई केली होती, बाई."

"तेव्हा घाई केली नव्हतीत. तेव्हा चूक केली होतीत. आता उशीर करताय. मी गुरुवारी सकाळच्या गाडीने जाणार. आलात तर आलात."

गुरुवारी ते स्टँडवर माझ्या आधी हजर होते. पट्टा आडवा, दोन्ही बक्कलं छातीवर, कॅमेरा पाठीला चिकटलेला. कापड्यापासून वर वाट एका माणसाची. मी पुढे, अण्णा मागे. ओढ्यापाशी मी पलीकडे गेले आणि वळून पाहिलं तर अण्णा काठावर उभे. दोन्ही हातांनी बक्कलं धरलेली. तो तोच ओढा होता, हे मला तेव्हा कळलं.

पिशवी दगडावर ठेवून मी परत अलीकडे आले. म्हटलं, "खांद्याला विचारा."

त्यांनी खरोखरच मान तिरकी करून क्षणभर खांद्याकडे पाहिलं. मग पाऊल टाकलं. अर्ध्यावर शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि अण्णा दोन्ही हातांवर, गुडघ्यांवर पाण्यात आदळले. टोपी वाहून गेली. पण कॅमेरा पाठीवरून तसूभर हलला नव्हता. आईला बिलगलेल्या माकडाच्या पिलासारखा तो तिथेच होता. अण्णा तसेच ओणवे राहून ओरडले, "कोरडा आहे का? बाई, कोरडा आहे का?"

कोरडा होता.

म्हातारी अंगणात भात वाळवत बसली होती. गुडघ्यापासून खाली निथळणाऱ्या अण्णांना तिने आपादमस्तक न्याहाळलं. "गो बाय, ह्यो फोटूवाला हाय का मासं धरनारा?"

"फोटोवालेच आहेत, आजी. तुम्ही बहिणीसारख्या दिसता म्हणतात, म्हणून आलेत."

"मी तिच्यासारखी?" म्हातारी उसळली. "थोरली मी हाय! ती माझ्यासारखी दिसायची."

आणि आपल्याच बोलण्यावर ती हसली. बोळकं तोंड, पण मला लगेच समजलं अण्णा कशाबद्दल बोलत होते. अण्णांनी बटण दाबलं. भरवसा वाटेना म्हणून पुन्हा दाबलं. रोलमध्ये बारा फोटो होते, बाराही त्यांनी तिचेच काढले. मधे दोन बायका पोरांना तेल लावून घेऊन आल्या, त्यांना म्हणाले, "पुढच्या खेपेला." असं ते आयुष्यात कधी कोणाला म्हणाले नव्हते.

गणपतीला तुकाराम आला. मी दुकानात गाडीची वाट बघत होते. अण्णांनी चहा सांगायच्या आधीच फोटो पुढे केला आणि स्वतः काउंटरवरची काच पुसायला लागले. तुकारामाने फोटो दारापाशी, उजेडात नेला.

"ही मावशी हाय, अण्णा."

"हो."

"आये नाय."

"नाही." काच पुसणं चालूच.

"पन हसनं आयेचं हाय." मग तो आत आला, बाकावर बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलायला लागला. आई कशी शिव्या द्यायची, कशी मुंबईला जाऊन दोन दिवसांत पळून आली. माझी गाडी सुटली. मी दुसऱ्या गाडीने गेले.

मला वाटलं, आता तरी वरवंटा पाट्यावर परत जाईल. पण दिवाळीच्या सुमारास बाजारात एकच हशा झाला. भाजीवालीने मला हाक मारून सांगितलं, "ओ नर्सबाय, अण्णांनी शेवटी पाटा काढला की हो भायेर!" खरंच अण्णा पट्ट्याला पाटा अडकवून घाटाच्या पायऱ्या चढत होते. घामाने डबडबले होते. मी मनातल्या मनात त्यांचं नाव पुन्हा तिसऱ्या यादीत घातलं.

चार दिवसांनी दुकानात ठेवलेली पिशवी घ्यायला गेले तर तिचे जुने बंद कापलेले होते. त्यांच्या जागी नवा पट्टा: खाली नवार, वर कातडं, टोकांना दुहेरी शिवण, छातीवर येतील अशी दोन बक्कलं.

"तुमची पिशवी तराजूत घातली," अण्णा काच पुसत म्हणाले. "वरवंटा हवेत गेला. पाटा लागला."

"हे कशासाठी, अण्णा?"

"ओढ्यापासून वाडीपर्यंत तुम्ही एकोणीस वेळा खांदा बदललात. मागून चालत होतो, मोजलं."

माझ्या वहीत दोन तालुक्यांतले गुडघे, कंबरा, खोकले होते. माझा खांदा त्यात कुठेच नव्हता. तो दुखतो हे मी कोणाला सांगितलंही नव्हतं.

"मग मला एकदा विचारायचं तरी," मी म्हटलं. आवाज जरा चढाच लागला.

"खांद्याला विचारलं ना," अण्णा म्हणाले. "चला, गाडी लागली तुमची."