राजपुत्र पोलावर, राजपुत्र वाळूत

"वेडाचं काम असं करतो गुरुजी, की पाहणाऱ्यानं घरी जाऊन आधी दाराला कडी लावली पाहिजे!"

असं म्हणून रविंद्रनं छातीवर एवढ्या जोरात हात मारला, की नंतर त्यालाच खोकला आला. सेनगावच्या नाट्यस्पर्धेसाठी किसनसिंग गुरुजींनी सुडाचं एक दणकट नाटक लिहिलं होतं आणि त्यातला राजपुत्र समरसेन होता रविंद्र, म्हणजे गोरेगावचा लाईनमन. सेनापती राजाला विष घालतो. राणी त्याच सेनापतीच्या पंगतीला बसते. मग राजपुत्र वेडाचं सोंग घेतो, आईला नाही नाही ते बोलतो, जिच्यावर जीव आहे तिला हाकलून देतो आणि शेवटी सूड घेतो. तीन अंकांत सहा मुडदे! तालुक्यात एवढे मुडदे एका नाटकात आजवर कुणी पाडले नव्हते.

पण आईशी भांडायचा प्रवेश काही केल्या जमेना. गुरुजी वैतागले. "अरे, आईवर चिडून राहिला का किराणा सांगून राहिला तू?"

त्यात रविंद्रचा दोष नव्हता. जन्मात तो आईला, भागूबाईला, उलटून बोलला नव्हता. घरी तालीम करायचीही सोय नव्हती. त्याचे वडील जळबा यांचं मत स्पष्ट होतं : नोकरी लागलेल्या माणसानं तोंडाला रंग लावू नये. म्हणून तालमी गुपचूप सेनगावला चालत आणि नाटकाची गोष्ट घरात काय, गावातही कुणाला माहीत नव्हती.

आणि नेमकं याच दिवसांत लग्नाचं जमत आलं होतं. सिद्धेश्वर गावची आकांक्षा त्याला एका लग्नात भेटली होती. चार महिने दोघं फोनवर बोलत होते. आता घोडं अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. ग्यानोबा धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते आणि पाण्याइतकीच पोरीचीही राखण करत. आपल्याकडे पाहुणे सांगून येतात त्याच्या आधी एकदा न सांगता येतात, हॉटेलात बसून पोराची चौकशी करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"बाबा या आठवड्यात कधीबी येतील," आकांक्षानं फोनवर बजावलं होतं. "नीट राहा. त्यांनी एकदा न्हाई म्हणलं की संपलं. मग मी रडून बी उपयोग न्हाई."

"मी नीटच असतो!" रविंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पोलावर तार बदलायची होती. रविंद्रनं रीतसर परमिट घेतलं, लाईन बंद केली, पट्टा बांधला आणि वर चढला. अर्ध्या तासात काम उरकलं. वर मस्त वारा होता. खाली माणसं मुंगीएवढी दिसत होती. समरसेन जागा झाला. इथं कोण ऐकतंय, असं त्याला वाटलं. आवाज वरून खाली फार छान येतो, हे एवढं शिकलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये!

"आई!" तो गरजला. "माझ्या बापाला विष दिलं त्यानं! आणि तू त्याच्याच पंगतीला बसलीस!"

भागूबाई त्याचा डबा घेऊन नुकत्याच पोलाखाली येत होत्या. त्या डब्यासकट मटकन खाली बसल्या. समोरच्या हॉटेलात जळबा चहा पीत होते. सगळ्या हॉटेलानं आधी वर पाहिलं, मग जळबाकडे पाहिलं.

"मला? विष?" जळबा म्हणाले. त्यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं आणि तो हळूच बाकावर ठेवला.

त्यांच्याच बाकावर एक पाहुणा बसला होता. हिंगोलीहून जीपनं आलेला, पांढरी टोपी, पायात नव्या वहाणा. त्यानं नुकतंच हॉटेलवाल्या नरसिंगला विचारलं होतं, "लाईनमन रविंद्र कसा हाय हो पोरगा?" आणि नरसिंगनं मोठ्या अभिमानानं वर बोट केलं होतं. "तो काय! सोन्यासारखं लेकरू!"

सोन्यासारखं लेकरू वर दुसऱ्या अंकात शिरलं होतं.

"जा! निघून जा! लग्नाचं नाव काढू नकोस! मी कुणाचा नवरा होणार नाही!"

पाहुण्याच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. ते ग्यानोबा होते, हे तुम्ही ओळखलंच असेल.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण समरसेनानं आवेशात लाथ झाडली, ती वरच्या पत्र्याच्या पेटीवर. पेटीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. त्यांना नाटकाची आवड नव्हती. पुढची दोन मिनिटं रविंद्रनं पोलावर जे केलं ते कुठल्याही गुरुजींनी शिकवलेलं नव्हतं. तो ओरडत होता, हातपाय झाडत होता, स्वतःच्याच थोबाडीत मारत होता!

"करंट लागला!" खालून शेजारची सखुबाई किंचाळली. "करंट डोक्यात गेला लेकराच्या!"

रविंद्र कसाबसा खाली उतरला, तर अर्धं गाव त्याच्यावर तुटून पडलं. "अहो, लाईन बंद हाय! करंट न्हाई, माश्या हायेत!" तो सांगत होता. पण एक गाल पुरणपोळीसारखा फुगल्यामुळे शब्द कुणाला धड कळत नव्हते. सखुबाईला इलाज पाठ होता : करंट लागलेल्याला वाळूत पुरायचं, म्हणजे करंट वाळूत उतरतो. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडलेलीच होती. आठ जणांनी त्याला खड्ड्यात बसवलं आणि गळ्यापर्यंत लोटली वाळू!

"सोडा मला! ते नाटक व्हतं!"

"ऐका," सखुबाई हळहळली. "नाटक व्हतं म्हणून राहिला. लई आत गेला करंट."

"बाबा, गुरुजीला इचारा!"

"कोणत्या गुरुजीला? किसनसिंग गुरुजी तं हिंगोलीला गेले दाढ्या-मिशा आणायला," गर्दीतून कुणीतरी सांगितलं. गुरुजींना दाढ्या कशाला हव्यात, हा प्रश्न मात्र कुणालाही पडला नाही.

भागूबाई वाळूत गुडघे टेकून त्याच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. "काहून रे माझ्या राजा? कोणाच्या पंगतीला बसले मी?" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतके दिवस हाच प्रवेश रविंद्र करायला पाहत होता, आणि आता आईचं हे तोंड पाहून त्याला समरसेनाचाच राग आला.

तेवढ्यात गर्दी सारून नव्या वहाणा समोर येऊन थांबल्या. रविंद्रला तेवढ्याच दिसत होत्या. मग माणूस खाली बसला.

"म्या ग्यानोबा. सिद्धेश्वरचा. आकांक्षाचा बाप."

रविंद्रला नमस्कार करायचा होता. हात वाळूत होते. त्यानं मान हलवली, तर सखुबाई म्हणाली, "पहा, झटके येऊन राहिले."

"गप बसा बाई," ग्यानोबा म्हणाले. "पोरा, नाटक हाय म्हणतो ना? मंग करून दाखव."

झालं! आकांक्षा, घर, संसार, सगळं आता एका प्रवेशावर आलं होतं. रविंद्रनं डोळे मिटले, डोळे उघडले, गरगरा फिरवले. जीभ बाहेर काढली. विकट हसला. "हा हा हा! आकाश पेटलंय! चंद्राला शिंगं फुटलीत! मी राजा आहे, मी भिकारी आहे!" जेवढं होतं नव्हतं तेवढं त्यानं ओतलं. घामानं कपाळाला वाळू चिकटली. आयुष्यात इतकं जीव तोडून काम त्यानं कधी केलं नव्हतं.

ग्यानोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझा चुलतभाऊ डोक्यानं आजारी व्हता," ते म्हणाले. "अकरा वर्षं म्या त्याला हातानं जेवू घातलं. त्यो असा न्हाई ओरडला कधी. गप बसायचा, भिंतीकडं पाहत. तकलीफ काय असते ते मला ठाऊक हाय." मग ते उठले आणि जमलेल्या गावकऱ्यांकडे वळले. "काढा त्याला बाहीर. पोरगं ठणठणीत हाय. खऱ्या आजारी माणसाला इतकं खोटं जमत न्हाई. हे नाटकच हाय!"

चौकानं सुस्कारा सोडला. भागूबाईंनी पदरानं डोळे पुसले. जळबांनी नवा चहा सांगितला, पण नाटकाबद्दल घरी गेल्यावर बोलायचं आहे, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. ग्यानोबांनी खिशातून फोन काढला, पोरीला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पसंत हाय गं!"

फावडी चालू झाली. छातीपर्यंत मोकळा झाल्यावर रविंद्रला धीर आला. लग्न ठरलं होतं, आनंद वाळूत मावत नव्हता. पण कलावंताचं मन! ते कुठं गप बसतंय?

"मामा," त्यानं सुजलेल्या गालानं हळूच विचारलं, "पण काम... काम कसं झालं?"

ग्यानोबांनी प्रेमानं त्याच्या डोक्यावरची वाळू झटकली.

"जावईबापू," ते म्हणाले, "लाईट लवकर चालू करा."