साडेपस्तीसचं बाक

बिराजदार मॅडम माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नाहीत, गुडघ्याकडे पाहतात. लातूरहून नांदेडला विद्यापीठात गृहविज्ञान विभागात मी रुजू व्हायला आले, नमस्कार केला, नाव सांगितलं, तर त्या माझ्या साडीच्या निऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "चाळीस. वर अर्धा. बस." मी बसले. ते माझं गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचं माप होतं, हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवर मी ते वय समजून मनातून नाराज होते. मी चौतिसाची होते.

मॅडम उदगीरच्या, उंची साडेचार फुटांच्या आतबाहेर. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि तिच्यावर शिंप्याचा पिवळा टेप. टेबलाखाली पाय ठेवायला जुन्या साडीत गुंडाळलेली वीट. एखादी मुलगी रडत आली तरी आधी ती वीट तिच्या पायाखाली सरकवायच्या. "पाय टेकले पायजेत. मग सांग काय झालं ते." गंमत म्हणजे मुली खरोखरच जरा शांत व्हायच्या. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मुलींच्या अभ्यासिकेसाठी चाळीस बाकं करायचं ठरलं, एकेकीला एक, तेव्हा मॅडमना उधाण आलं. जुन्या बाकांवर निम्म्या मुलींचे पाय लोंबकळायचे. तीन तास पेपर लिहून उठल्यावर मुंग्या आलेले पाय झटकत त्या वर्गाबाहेर यायच्या. मॅडमनी जाहीर केलं की मुलींची मापं घेतल्याशिवाय सुताराला आकडा द्यायचा नाही. बसल्यावरची उंची, मांडी, कोपर, गुडघा, सगळं. दोनदा घ्यायचं, पंधरा दिवसांच्या अंतरानं, म्हणजे चूक सापडते. लिहून घ्यायला मी.

"कार्डावर नाव लिहायचं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "आकडा पाव्हण्यांपर्यंत गेला की पोरीला नडतोय." ते खरंच होतं. आमच्याकडे लग्नाच्या बायोडाटात सगळ्या मुली पाच फूट दोन इंच असतात. मग नावाऐवजी काय? मॅडमनी भाज्या दिल्या. चाळीस मुली, चाळीस भाज्या. कोणती भाजी कोण, हे ज्या त्या मुलीनंच लक्षात ठेवायचं.

पहिली फेरी दिवाळीआधी झाली, बरी गेली. दुसऱ्या फेरीनंतर मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि डोकं धरून बसले. शेपूची मांडी आखडली होती. भेंडी चार सेंटिमीटरनं बसकी झाली होती. आणि दोडका, ज्याचं गुडघ्याखालचं माप पहिल्यांदा साडेपस्तीस होतं, तो पंधरा दिवसांत एकेचाळीस झाला होता.

"मॅडम, पोरी वाढून राहिल्यात की आटून राहिल्यात?"

"पोरी न्हाई गं. कार्डं फिरून राहिलीत."

फिरलीच होती. कोणालाच भोपळा व्हायचं नव्हतं. भोपळ्यानं अंबाडीशी अदलाबदल केली होती, अंबाडीनं चुक्याशी, आणि कारलं मिळालेली मुलगी दोन दिवस बोलायची बंद झाली होती. मी एकेकीला बोलावून विचारायला बसले, तू आधी कोण होतीस आणि मग कोण झालीस. आठवडा गेला, तरी निम्म्या मुलीही झाल्या नव्हत्या. शेवटी तर मला घरी पालक निवडतानाही तो कोणत्या वर्गातला हे आठवायला लागलं.

आमच्या विभागप्रमुख सरांनी डोकावून सांगितलं, "अहो, सरासरी काढा. नावं बदलली तरी सरासरी तीच राहते."

मला चक्कर यायची बाकी होती, कारण ते बरोबर होतं. मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत. "सर, सरासरीला पाय असतेत का? लांब पायाची पोरगी पाय पसरून बसंल. आखूड पायाचीनं काय करावं? मला सगळ्यात आखूड कोण ते पायजे."

सगळ्यात आखूड दोडका. पण साडेपस्तीस हे माप दुसऱ्या फेरीत कुठेच नव्हतं. तिथलं सगळ्यात कमी अडतीस. म्हणजे एक तर मी चुकीचं लिहिलं होतं, किंवा एक मुलगी कमी झाली होती. मॅडम दोन दिवस आवारात मुलींच्या पायांकडे बघत, खाली मान घालून फिरल्या. शेवटी शेपू, म्हणजे मूळची शेपू, आठवून म्हणाली, "मॅडम, दोडका रेणुका होती. बिलोलीची. तिला कुणी बदलून दिलं न्हाई, तिनं मागितलंबी न्हाई. दिवाळीला गेली ते आलीच न्हाई." अभ्यासिकेतल्या तिच्या रिकाम्या जागेवर एक उंच मुलगी नव्यानं आली होती आणि उरलेलं कार्ड तिला मिळालं होतं.

रविवारी आम्ही बिलोलीला निघालो. स्टँडवर गर्दी. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. मॅडमकडे रुमाल नव्हता. त्यांनी गळ्यातला टेप काढून खिडकीतून आत फेकला. माप घ्यायचं नसताना तो गळ्यातून उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

रेणुकाच्या आईनं चहा दिला. "लगीन झालं की तिचं. देगलूरला दिली. स्थळ चांगलं आलं."

"परीक्षेला येईल का?"

"आता तिकडच्यांना विचारावं लागंल, बाई."

मॅडमनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "अभ्यासाला कुठं बसायची?"

आईनं कोपऱ्यातला तेलाचा पत्र्याचा डबा दाखवला, वर घडी घातलेलं पोतं. मॅडम उकिडव्या बसल्या आणि पोत्यापासून जमिनीपर्यंत टेप लावला. साडेपस्तीस. माझं लिहिण्यात चुकलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझंबी शिक्षण मधीच सुटलं होतं. बारा वर्षांनी परत आले. वर्गात गेले तर कुणी सरकून जागाबी दिली न्हाई." एवढंच. मी त्यांच्या हातातली पिशवी तेवढी घेतली.

बाकं आली. चाळीस अडतीसची, आणि ठरल्यापेक्षा एक जास्त, साडेपस्तीसचं, खिडकीजवळ. सुतारानं विचारलं, सरांनी विचारलं, हे बुटकं कुणासाठी? मॅडमचं उत्तर एकच, "येणार हाय एकजण."

परीक्षा झाली. दुसरं वर्षही सुरू झालं. दुपारी मॅडम डबा घेऊन त्या बाकावर जाऊन बसतात. वीट लागत नाही, पाय नीट फरशीला टेकतात. एकदा मी म्हटलं, "मॅडम, खुर्चीत बसा की पंख्याखाली." तर म्हणाल्या, "दुसरं कुणी बसंल ना मग."

संध्याकाळी घरी जाताना त्या गळ्यातला टेप काढतात आणि बाकावर ठेवून जातात.