आण्णांची मिरज-कोरेगाव पॅसेंजर

आण्णांची गाडी मुंगीसाठी थांबते. थट्टा नाही करत. मुंगी रुळावर आली की आण्णा बटण बंद करतात, हात मांडीवर ठेवतात आणि ती पलीकडे जाईपर्यंत कुणाला जोरात श्वाससुद्धा घेऊ देत नाहीत. एकटीदुकटी असेल तर ठीक. रांग लागली की माझा चहा निवतो.

आण्णा म्हणजे आमचे सांगलीतले शेजारी. हळदीचा व्यापार मुलावर सोपवला आणि स्वतः ही चिमुकली रेल्वे घेऊन बसले. इंजिन भुईमुगाच्या शेंगेएवढं. प्रवाशांची डोकी म्हणजे तीळ. अख्खं मिरज जंक्शन एका पाटावर मावतं. मी पहिल्यांदा बघायला गेले आणि नेमकी शिंकले, तर फलाटावरची माणसं गायब! "वैनी, पुढल्या टायमाला रुमाल घिऊन या," एवढंच म्हणाले आणि चिमटा घेऊन फरशीवरची माणसं वेचत बसले.

बरं, मुंग्या येतात कशाला? तर रुळाखालची खडी रव्याची आहे!

"आवं आण्णा, मग वाळू घाला की!"

"ह्या मापाची वाळू घावत न्हाई. रवा कसा झ्याक बसलाय बगा."

मुंग्यांची पावडर टाकायची सोय नाही, जैनाचं घर. दिवेलागणीनंतर गाडीही बंद, कारण दिव्याला किडे येतात आणि रुळावर पडतात. अशानं गाडी पोचणार कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "गाडीला कुठं घाई हाय?" हे वाक्य ते सगळीकडे वापरतात. दारात रिक्षा थांबलेली असो, नाहीतर मिरजेच्या डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलेलं असो, गाडीला कुठं घाई हाय!

खरं तर ही रेल्वे दोघा भावांची. आण्णा रूळ घालायचे, धाकटा भूपाल इंजिनं दुरुस्त करायचा. मग घराची वाटणी झाली, शब्दानं शब्द वाढला, बोलणं तुटलं आणि मधोमध भिंत आली. मिरज आण्णांकडे राहिलं, कोरेगाव भूपालकडे गेलं. पण आण्णांनी गवंड्याला गाठून भिंतीत दोन भोकं ठेवायला लावली. गाडी एका भोकातून पलीकडे जाते, कोरेगावाला वळसा घालते आणि दुसऱ्यातून परत येते. भूपालनं ती भोकं बुजवली नाहीत. बोलला मात्र कधी नाही.

दर संक्रांतीला आण्णा शेवटच्या उघड्या डब्यात हलव्याचा एक दाणा ठेवून गाडी सोडायचे. दाणा दरवर्षी जसाच्या तसा परत. मग तो स्वतःच्याच तोंडात टाकून म्हणायचे, "असू दे. गाडीला कुठं घाई हाय?" मला मेला दोघांचाही राग यायचा. अहो, चार पावलं चालून त्याच्या दारात जा ना!

"आन् त्यानं दार लावलं तर?" आण्णा म्हणाले. त्यानंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

यंदा मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा गाडी नुकतीच भोकात शिरली होती. आण्णा दुसऱ्या भोकाकडे डोळे लावून बसले होते. मीही शेजारी टेकले. तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं.

"आण्णा! थांबीव! मुंग्या हायत रुळावर!"

आण्णांनी बटण बंद केलं खरं, पण बोट तिथंच राहिलं. वाटणीनंतर भूपालनं मारलेली ती पहिली हाक होती.

"लय हायत का रं?" आण्णांनी भोकाशी वाकून विचारलं.

"कोरेगावात जत्रा भरलीया नुसती."

"जाऊ दे त्यांस्नी निवांत. गाडीला कुठं घाई हाय?"

पलीकडे भूपाल हसला. आम्हाला चांगलं ऐकू आलं. मग बऱ्याच वेळानं म्हणाला, "गेल्या बग. सोड."

गाडी आली. शेवटचा डबा रिकामा होता.

"आण्णा, दाणा मुंग्यांनी न्हेला रं," भूपाल भोकाला तोंड लावूनच बोलत असावा. "दुसरा धाड की."

तिळाएवढी डोकी धडाला चिकटवणारे हात ते. पण हलव्याचा दाणा काही त्यांच्यानं डब्यात बसेना. घरंगळायचा, पुन्हा उचलायचे, पुन्हा घरंगळायचा. शेवटी त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"वैनी, तुमीच ठिवा," म्हणाले, "जरा घाई करा."