चारची गाडी

हवामान खात्याने बर्फाचा लाल इशारा दिला तेव्हा आयर्लंडमधल्या ओंगार गावच्या लोकांनी दुकानांतले सगळे पाव घेतले आणि पद्माकरने भीती घेतली. तशी ती त्याच्याकडे बारमाही असायचीच. मॅनेजरचा ‘पाच मिनिटं बोलू या का?’ असा मेसेज आला की त्याच्या पोटात गोळा यायचा, आणि टपालवाला दारात दिसला की आपल्या व्हिसाचंच काहीतरी निघालं असणार असं त्याला वाटायचं. पण या खेपेची भीती खरीखुरी होती. ती हिरव्या रंगाची होती, तिला सहा चाकं होती, आणि ती त्याच्या दिवाणखान्यात टीपॉयवर उभी होती.

ते इंजिन शेजारच्या डर्मट यांचं होतं. डर्मट यांनी चाळीस वर्षं रेल्वेत गार्डाची नोकरी केली आणि बायको गेल्यावर घरामागच्या बागेत स्वतःची रेल्वे टाकली. खेळण्यातली म्हणावी, तर एकटं इंजिनच तुपाच्या मोठ्या डब्याएवढं. सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून रूळ जायचे, कुंपणापाशी दगडी बोगदा होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ‘मॉरा’ नावाचं स्टेशन. मॉरा ही त्यांची बायको. ती चार वाजता चहा ठेवायची, म्हणून रोज चार वाजता त्या स्टेशनातून गाडी जायची.

सोमवारी डर्मट बायपाससाठी हॉस्पिटलात दाखल झाले. जाताना त्यांनी इंजिन, रिमोट आणि हाताने लिहिलेली एक वही पद्माकरच्या स्वाधीन केली.

“चारची गाडी तेवढी सोडशील ना?” ते म्हणाले. “खिडकीवर कॅमेरा आहे. मी फोनवर बघेन. ती गेली की मी ग्रँड, एकदम ठणठणीत.”

वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायची पद्माकरच्या घरात पद्धत नव्हती. तो हो म्हणाला. वही बारा पानांची होती. त्याने पहिलं पान मन लावून वाचलं, उरलेली सवडीने वाचू म्हणून ठेवून दिली. ऑफिसात हाच माणूस सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायचा आणि पहिल्या पानापुढे कुणी वाचत नाही म्हणून चिडचिड करायचा.

सोमवार-मंगळवार गाडी बिनबोभाट गेली. बुधवारी सकाळी उठून पाहतो तो बागेत गुडघाभर बर्फ. आणि ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला.

“अरे, एवढ्या बर्फात कसली गाडी?” त्याची बायको वृंदा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. “त्यांना मेसेज टाक ना, आज नाही जमत म्हणून. सिंपल आहे.”

“उद्या माणसाचं हृदय उघडणार आहेत आणि आज त्याला रिकामं स्टेशन दाखवू? बायकोच्या नावाचं? त्यांनी धसका घेतला तर?”

“धसका तू घेतलायस.”

“आणि उद्या काही बरंवाईट झालं तर? जन्मभर वाटत राहील, गाडी सोडली असती तर...”

वृंदाने लॅपटॉप मिटला. नवऱ्याची भीती बहुतेक वेळा फुकटची असते हे तिला ठाऊक होतं. पण ही अगदीच फुकटची नव्हती.

दोन वाजता पद्माकरने इंजिन चालू करून पाहिलं तर ते कुरकुरू लागलं. वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, थंडीत रोज चाकांच्या दांड्यांना तीन-तीन थेंब तेल द्यावं. दोन दिवस त्याने ते दिलंही होतं, पण तेलाचा डबा डर्मट यांच्या शेडमध्ये होता, शेडचं दार बर्फाने गच्च बसलं होतं आणि दुकानं बंद होती. फोडणीचं तेल चिकट होईल असा विचार करत तो घरात फिरला आणि त्याची नजर खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवलेल्या खोबरेलाच्या बाटलीवर गेली. तेल कसं पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ दिसत होतं. ती बाटली रेडिएटरवरच का ठेवतात हे त्याला माहीत होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यानेच ती तिथे ठेवली होती. पण घाबरलेल्या माणसाला अशा गोष्टी वेळेवर आठवत नाहीत. नुकत्याच नागपूरहून आलेल्या त्याच्या आई, वसुधाताई, जाग्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या जेवून पडल्या होत्या. वहीत तीन थेंब सांगितले होते तिथे पद्माकरने, धोका नको म्हणून, तीस थेंब घातले. इंजिन गालिच्यावरून लोण्यासारखं सरकलं. आयर्लंडला आल्यापासून त्याला प्रथमच स्वतःचं कौतुक वाटलं.

ज्याला तीन तास लागले असते ते रूळ मोकळे करायचं काम नवरा-बायकोने फावडं आणि परात घेऊन दीड तासात केलं. बर्फ पडतच होता, पण इंजिनाच्या नाकाला पत्र्याचा नांगर होता. चारला दहा कमी असताना पद्माकरने बोगद्याच्या अलीकडे गाडी रुळावर ठेवली आणि रिमोट दाबला. गाडी ऐटीत निघाली, दोन्ही अंगांना बर्फ उडवत बोगद्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही.

पद्माकरने पुन्हा बटण दाबलं. बोगद्यातून एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि तोही थांबला. बाहीत बर्फ घेत त्याने हात घालून इंजिन बाहेर ओढलं. चाकं जाम झाली होती आणि दांड्यांवर काहीतरी पांढरं, घट्ट बसलं होतं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर ‘डर्मट’ असं नाव होतं.

“उचल ना,” वृंदा म्हणाली.

“काय सांगू? अजून चार वाजले नाहीत. वाजले की विचारतील, गाडी कुठाय?” त्याने फोन वाजून वाजून बंद होऊ दिला.

“काय करून राहिला रे तिथं?” वसुधाताई स्वेटरवर शाल, शालीवर वृंदाचा कोट अशा थाटात बर्फातून येत होत्या. त्यांनी चाकावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि मुलाकडे पाहिलं.

“हे खोबरेल आहे.”

पद्माकरने ते पांढरं नखाने खरवडून पाहिलं.

“नागपुरात डिसेंबरात थिजते ते. इथं तर बाटलीतून चमच्यानं काढा लागते. काहून रे, इंजीनियर ना तू?”

“सॉफ्टवेअरचा आहे तो,” वृंदा म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. पद्माकरने तो हातमोज्यात दाबून धरला. चार वाजून गेले होते. त्याच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलातली खाट आली, खाटेवर फोन धरून बसलेला म्हातारा आला आणि त्या फोनवर रिकामं स्टेशन आलं. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

केस वाळवायचं यंत्र आणलं, पण त्याची वायर मागच्या दारापर्यंतच पुरली. इंजिन घरात नेऊन गरम केलं, तर बोगद्यापाशी आणेपर्यंत ते पुन्हा थिजलं. यात आणखी वीस मिनिटं गेली आणि फोन आणखी तीनदा वाजला. शेवटी वसुधाताईंनी सूत्रं हातात घेतली. आपली गुडघे शेकायची रबरी पिशवी कढत पाण्याने भरून त्यांनी इंजिनाच्या पाठीवर घातली, आणि ऊब टिकावी म्हणून वरून पद्माकरची लहानपणापासूनची माकडटोपी चढवून खाली बंद बांधले. इंजिनाचे दोन दिवे टोपीच्या तोंडातून बाहेर बघू लागले. तेल पातळ झालं, चाकं फिरू लागली, पण एवढं ओझं घेऊन बर्फात स्टेशनाकडचा चढ चढायची ताकद काही मोटरमध्ये नव्हती.

“ओढा लागते,” वसुधाताई म्हणाल्या आणि कोटाच्या खिशातून परकराच्या नाडीचं नवंकोरं बंडल काढलं. इथे चांगली नाडी मिळत नाही म्हणून त्यांनी नागपूरहून सहा आणली होती.

बेत ठरला. कॅमेऱ्याला फक्त स्टेशन दिसतं, असं पद्माकर ठामपणे म्हणाला. तेव्हा त्याने स्टेशनापलीकडच्या बर्फाच्या ढिगाआड पालथं पडून नाडी ओढायची, वृंदाने बोगद्यापाशी मागून ढकलायचं, आणि वसुधाताईंनी गाडी कुठवर आली ते सांगायचं. पद्माकर पालथा पडला. बर्फ कॉलरमधून आत शिरला. त्याने मनातल्या मनात मारुतीला नारळ कबूल केला, आणि नारळावरून खोबरेल आठवून त्याला पुन्हा धडकी भरली.

“सोड गाडी,” वसुधाताई म्हणाल्या.

चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी, अंधारून येत असताना, माकडटोपी घातलेली गाडी मॉरा स्टेशनात शिरली. मधे एकदा थांबली, एकदा मागे घसरली. वृंदाने सफरचंदाच्या झाडाआडून फावड्याच्या दांड्याने तिला टोचलं. गाडी स्टेशनातून पार झाली आणि पद्माकरच्या नाकाला येऊन लागली.

फोन वाजला. आता मात्र त्याने तो पडल्या पडल्याच उचलला.

“सॉरी डर्मट, थोडा उशीर झाला, सिग्नलचा जरा...”

“बारावं पान वाचलंस का?” डर्मट यांचा आवाज जड येत होता.

“कुठलं?”

“वहीतलं. त्यात एकच ओळ आहे. बर्फात गाड्या बंद. वीस वर्षांत मी बर्फात एकदाही गाडी सोडली नाही. हेच सांगायला पाच वेळा फोन केला, की घरात जा.”

पद्माकर उठून बसला. “म्हणजे तुम्ही... वाट बघत नव्हता?”

“मी आज बर्फ बघायला कॅमेरा सुरू केला होता. त्यात तू दिसलास.”

“पण कॅमेऱ्यात तर फक्त स्टेशन दिसतं ना?”

“अख्खी बाग दिसते. मी दोनपासून बघतोय. अडीचपासून वॉर्डातले पाचही जण बघतायत. टोपी घातली तेव्हा नर्सला खुर्ची आणावी लागली.” एवढं बोलून ते हसू लागले, हसता हसता खोकू लागले.

“डर्मट? तुम्ही ठीक आहात ना? नर्सना बोलावू का?”

पलीकडचा खोकला थांबला.

“सकाळपासून मला फार भीती वाटत होती,” डर्मट म्हणाले. “कुणाला बोललो नाही. पोरांनाही नाही. मग तुला पाहिलं. म्हटलं, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय, तरी बर्फात पालथा पडून माझी गाडी ओढतोय. मला तर उद्या नुसतं उताणं पडून राहायचंय.”

पद्माकरने नाडी मनगटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“मला आठ वाजता आत नेतील,” डर्मट जरा चाचरत म्हणाले. “वहीत बसत नाही, पण... साडेसातची एक गाडी सोडता येईल?”

“सोडतो,” पद्माकर म्हणाला. तो नेहमीच हो म्हणायचा. पण या वेळी हो म्हणताना पोटात गोळा आला नाही, हे फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

घरात आल्यावर वृंदाने चहा टाकला. वसुधाताईंनी ओली माकडटोपी पिळून रेडिएटरवर खोबरेलाच्या बाटलीशेजारी पसरली आणि तिचे बंद नीट सरळ केले.

“सकाळी लवकर उठव मला,” त्या म्हणाल्या. “पाणी कढत लागते.”