एका गाडीत दोन नवरदेव

खालापुरापासून कोसभर आत राहणारा विठू एका गोष्टीबद्दल छाती पुढं काढून बोलायचा. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं कुणाला 'हो' म्हटलं नव्हतं आणि कुणाला 'नाही'ही म्हटलं नव्हतं.

"आपुन शब्दात गावत नाय," तो पारावर बसून सांगायचा. "हो म्हटलं की राबायला लागतं, नाय म्हटलं की मान्सं तुटतात. आपलं बघू म्हनायचं. बघू म्हननाऱ्याचं कुनी काय वाकडं करनार?"

त्याची आई सोनुबाई हे ऐकून कपाळावर हात मारायची. जेवायला बसल्यावर "आजून भाकर वाढू का रं?" असं तिनं विचारलं तर उत्तर यायचं, "बघू." तिनं मग विचारणंच सोडून दिलं. ती वाढायची आणि तो खायचा. न्हाव्यापुढं बसला तरी केस बारीक कापायचे की थोडे ठेवायचे, याला उत्तर तेच. त्यामुळं त्या न्हाव्याच्या मनात त्या दिवशी जे काही असेल, ते महिनाभर विठूच्या डोक्यावर दिसायचं. विठूचं यात काही बिघडत नव्हतं, निदान तोवर तरी.

ती लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि खोपोलीची सर्व्हिस मोटार चार-चार दिवस फिरकत नव्हती. त्यामुळं लग्नसराईत बैलगाडीला आणि गाडीवाल्याला भलतंच महत्त्व आलं. त्यातून विठूच्या गाडीला तट्ट्याचं छप्पर होतं, आणि पाखऱ्या-मोत्या ही पांढरी जोडी दहा गावांत उठून दिसायची. नवरदेव न्यायचा तर विठूच्या गाडीतून, असं ज्याला त्याला वाटे.

गाडी सांगायची रीत ठरलेली होती. लग्नघरच्या माणसानं येऊन ओट्यावर सुपारी ठेवायची. गाडीवाल्यानं ती उचलली की गाडी ठरली. जमत नसेल तर हात जोडून सुपारी परत सरकवायची, त्यात कुणाला राग नाही. विठूला मात्र सुपारी परत करणं जिवावर यायचं. समोरच्याचा चेहरा पडेल, ही त्याला भीती. म्हणून तो सुपारी उचलून चंचीत टाकायचा आणि वर म्हणायचा, "बघू." त्याच्या मते असं केल्यानं मानही राखला जात होता आणि शब्दही दिला जात नव्हता. गावाच्या मते सुपारी उचलली म्हणजे उचलली, तोंडानं माणूस काय पुटपुटतो याला काडीची किंमत नव्हती.

या हुशारीत एकच ठिकाण दुखरं होतं, ते म्हणजे साजगावच्या मालोजीची सुंदरा.

विठूला ती इतकी आवडायची की साजगावकडं जायला त्याला कसलंही निमित्त पुरे. कुणाचा पेंढा, कुणाची कौलं, काहीच नसेल तर रिकामी गाडी घेऊन तो जाई आणि मालोजीच्या दारात बैलांना पाणी पाजून परत येई. शिमग्याला मालोजी स्वतः त्याच्या घरी आला. विठूचे वडील नव्हते, तेव्हा त्यानं विठूलाच सरळ विचारलं, "आमची सुंदरा तुला देयाची आमच्या मनात हाय. तुजं काय मत?"

विठूच्या काळजात ढोल वाजायला लागले. पण तोंडातून आलं, "बघू की, मामा."

मालोजी गेल्यावर तो गोठ्यात जाऊन बैलांच्या गळ्यात पडला. 'हो' म्हणायचं होतं हो त्याला! पण हो म्हटलं आणि आपल्याच्यानं निभावलं नाही तर? ती दुःखी झाली तर? आयुष्यभर बघू-बघू करून त्याची अशी गत झाली होती की आपल्याला काय झेपतं आणि काय नाही, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं. जो गडी अडीच खंडी भात भरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी नेत होता, त्याला एका अक्षराचं ओझं उचलवेना.

मालोजी गुढीपाडव्यानंतर पुन्हा आला. पुन्हा "बघू." वैशाखात तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा बसलासुद्धा नाही.

"चौक गावचं एक ठिकान सांगून आलंय. पोरगा रेल्वेत हाय. शनवारी सांजच्याला ती मान्सं सुपारी फोडायला येनार. तुला पोर करायची आसंल तर त्याच्या आदी ये, आन तोंडानं सांग. नाय आलास तर आमी मोकळे."

"शनवारी ना," विठू म्हणाला. "बघू."

गंमत अशी की शनिवारची तिथी मोठी होती. आणि विठूच्या चंचीत त्याच शनिवारच्या दोन सुपाऱ्या पडून होत्या. एक आबाजीची, त्याच्या लडकूला कर्जतच्या अंगाला न्यायचं म्हणून. दुसरी इंदूबाईची, तिच्या कमळ्याची नवरी घाटाखालच्या वाडीतली म्हणून. दोघांचेही मुहूर्त गोरज. विठूनं दोघांनाही बघू म्हटलं होतं आणि नंतर काहीच बघितलं नव्हतं.

शनिवारी जेवणं झाल्यावर त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, नवी टोपी घातली आणि गाडी जुंपली. साजगावला जायचं, एवढं त्याच्या मनानं घेतलं होतं. जाऊन काय बोलायचं ते वाटेत बघू, असं तो स्वतःलाच म्हणाला. इतक्यात ताशा वाजला आणि आबाजी मुंडावळ्या बांधलेल्या लडकूला घेऊन अंगणात हजर झाला.

"वा रं विठू," आबाजी खूश होऊन म्हणाला. "टोपीबिपी घालून तयारच हायस की."

"आबाकाका, त्याचं आसं हाय..." विठू सुरुवात करतो न करतो, तोच लडकू गाडीत चढलासुद्धा. पाठोपाठ करवली चढली, एक ट्रंक चढली, आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा ताशा वाजायला लागला.

इंदूबाई कमळ्याला घेऊन आली होती. बाई एकटीनं मुलाला वाढवलेली आणि कुणाला ऐकून घेणारी नव्हे. तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

"ह्यो कोन बसलाय?"

"नवरदेव," लडकू म्हणाला.

"नवरदेव माजा हाय. माजी सुपारी घेतलीय त्यानं."

"माजीबी घेतलीय," आबाजी म्हणाला. दोघांनी विठूकडं पाहिलं. "कुनाला नेनार रं तू?"

'कुणालाच नाही, मला साजगावला जायचंय,' एवढं एक वाक्य तेव्हा बोलला असता तर पुढचं सगळं वाचलं असतं. पण आबाजीचा चेहरा पडेल, इंदूबाईचा तर पडून फुटेल, असं वाटून विठूनं ते वाक्य गिळलं.

"खोपोलीपातुर वाट येकच हाय," तो म्हणाला. "चला, फुडचं फुडं बघू."

अशा रीतीनं एका गाडीत दोन नवरदेव बसले. जागा एवढीशी. लडकूची मुंडावळी कमळ्याच्या नाकात जात होती आणि कमळ्याची कट्यार लडकूच्या बरगडीला टोचत होती. मागून दोन्ही वऱ्हाडं चालत होती. एका ताशेवाल्यानं जोर केला की दुसरा त्याच्यावर जोर करी. रस्त्यावरची माणसं थांबून विचारत होती, "नवऱ्या किती हायत?"

शिळफाट्याला भांडण पेटलं. आधी कर्जतची वाट धरायची की आधी घाटाखालची? आबाजीचं म्हणणं, त्याची वाट लांबची. इंदूबाईचं म्हणणं, तिची जवळची, म्हणून ती आधी उरकावी. दोन्ही बाजू विठूवर ओरडत होत्या. सूर्य कलला होता. विठूच्या डोळ्यांपुढं चौकाची माणसं मालोजीच्या ओट्यावर बसलेली दिसत होती. त्यानं कासरा सोडला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं.

कासरा ढिला झाला की बैल आपल्या सवयीची वाट धरतात. पाखऱ्या-मोत्याला शिळफाट्यापासून एकच वाट पाठ होती. दोघं शांतपणे वळले आणि पाण्याच्या ओढीनं असे पळायला लागले की वऱ्हाडं मागं धुळीत राहिली. गाडीच्या मागच्या दांडीला लटकून आलेली तेवढी आबाजी आणि इंदूबाई.

गाडी थांबली ती थेट मालोजीच्या दारात.

मालोजी अंगणात उभा होता. त्यानं छपराखालून बाहेर आलेली दोन बाशिंगं पाहिली, मग विठूची नवी टोपी पाहिली.

"विठू, मी एक जावई मागितला होता," तो म्हणाला. "पसंत करायला आनखी दोन आनलेस व्हय?"

विठू खाली उतरला. दारात सुंदरा उभी होती. बापाकडं एकदा बघून ती उंबऱ्याबाहेर आली.

"मला लई बोलायचं नाय," ती म्हणाली. "तुमी हो म्हना, नायतर नाय म्हना. नाय म्हटलं तरी मी मरनार नाय. पन येक काय ते सांगा."

विठूच्या ओठावर नेहमीचा शब्द आलाच होता. पण त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. ती रागावलेली नव्हती. तिचा हात पदराशी चाळा करत होता आणि डोळे भरून आले होते. दोन-अडीच महिने आपण लटकत होतो असं विठू समजत होता, आणि खरं तर त्याच्या त्या एका शब्दावर ही पोर लटकत राहिली होती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"हो," तो म्हणाला.

"आयकू नाय आलं," गाडीमागून आबाजी म्हणाला.

"आरं बोल की जरा मोठ्यानं," इंदूबाई म्हणाली. "माज्या पोराचा मुहूर्त टळतोय."

"हो," विठू म्हणाला, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. "मला सुंदराशीच लगीन करायचं हाय. मी तिला सांभाळीन. चुकलं माकलं तर तिनं सांगावं."

सुंदरा हसली आणि घरात पळाली. मग विठूला काय झालं कोण जाणे, आतलं बूच उडाल्यासारखा तो बोलायला लागला. "मामा, तुमची गाडी जुंपा. इंदूकाकीची वाट जवळची, तिला तुमी न्या. आबाकाका, तुमाला मी नेतो. आन काकी, सुपारी घेऊन मी चुकलो, तुमाला तवाच नाय म्हनाया पायजे होतं." इंदूबाई रागावेल म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले होते. पण ती फक्त "कमळ्या, उतर खाली" म्हणाली आणि मालोजीच्या गाडीत जाऊन बसली. दोन्ही लग्नं मुहूर्तावर लागली.

रविवारी सकाळी विठू घरी परतला तो ताठ मानेनं.

"आये," तो म्हणाला, "मी सुंदराला हो म्हटलं."

सोनुबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "म्हटलंस का? बरं झालं. फुडल्या बुधवारी हळद हाय."

"बुधवारी? कुनी ठरवलं?"

"मी. शिमग्याला मालोजी आला, त्याच्या दुसऱ्याच दिशी मी साजगावला जाऊन शब्द देऊन आले. पन ती पोर हटून बसली. म्हनली, आईचा शब्द नको, ज्याच्यासंगं संसार करायचा त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं. नायतर मी बोहल्यावर उभी ऱ्हानार नाय."

विठू टोपी काढून तिच्यापुढं बसला. "आन ते चौकाचं ठिकान? रेल्वेतला पोरगा?"

"त्यो तिनंच मनानं रचला. रेल्वे तेवढी मी जोडली."

आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय आपण काल घेतला, असं विठूला रात्रभर वाटत आलं होतं. आता त्याला हसू येत होतं आणि रडूही. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "पन बुधवारपातुर मांडवाचं सामान कुठनं आननार?"

सोनुबाईनं परसाकडं बोट दाखवलं. तिथं चाळीस बांबू दोन महिन्यांपासून पडले होते. खोपोलीहून विठूनंच ते आपल्या गाडीतून आणले होते, आणि कशाला लागतात हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.