लिफ्टमधला ठराव

हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर लिहायचं मला कुणी शिकवलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे, या गोष्टीत जे काही घडलं ते बाहेर घडलं आणि मी होतो लिफ्टमध्ये. पण ज्यानं केलं तो काही लिहिणार नाही. तो रंगारी आहे, भिंती रंगवतो. माझा दोस्त.

तर आमच्या चर्चची रुग्णभेट समिती. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहाला भेट. आजारी माणसानं आजारपण तोपर्यंत टिकवून ठेवायचं. मधेच कुणी बरा झाला तर अध्यक्षीणबाईंना ते आवडत नाही. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत सगळं असतं: एकत्र प्रवेश, गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, स्मितहास्य, फोटो. मी चिटणीस. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: 'गीतपुस्तकांची पिशवी – रंगारी.'

त्या शनिवारी पेशंट होती आमची काजबटणवाली मावशी. डोळ्याचा आतला पडदा सरकलेला. साडेदहाला ऑपरेशन. आज झालं नाही तर डोळा गेला, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. आणि मावशीचं पोट त्या डोळ्यावर. सुईत दोरा ओवता आला नाही की चूल बंद.

लिफ्टवर लिहिलं होतं, सहा माणसं. आम्ही सात.

"रंगाऱ्या, तू जिन्यानं ये," बाई म्हणाल्या. "पण आधी पोचलास तर बाहेरच थांब. एकत्र प्रवेश आहे."

आम्ही सहा आत शिरलो. पण आमचे खजिनदारकाका म्हणजे एकटेच दोन. लिफ्टनं दुसरा मजला कसाबसा ओलांडला, मग ती कण्हली आणि मधेच बसली. वर तिसऱ्या मजल्याच्या दाराखालून रंगाऱ्याचे बूट दिसत होते. रंगाचे शिंतोडे उडालेले.

"अरे, कुणाला तरी बोलव!" मी ओरडलो.

"बोलवलंय. मेकॅनिकला यायला तास लागेल म्हणतात."

तेवढ्यात नर्सचा आवाज. "नऊ नंबरच्या मावशींचं कोण आहे? त्या थिएटरला यायला तयार नाहीत. म्हणतात, आमची माणसं येऊन प्रार्थना करतील, मगच. डॉक्टर वाट बघतायत हो! दहा मिनिटांत नाही आल्या तर ते दुसरी केस घेतील, मग आज काही खरं नाही."

बूट जागच्या जागी वळले. "पाळकसाहेब," रंगारी खाली वाकून म्हणाला, "काय करू?"

पाळकसाहेब तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तू काही करू नकोस! प्रार्थनेला तुझं नावच नाही."

"बाई, मी कधी मोठ्यानं प्रार्थना केलीच नाही," रंगारी म्हणाला. "मला तर घाम फुटतो."

"तेच म्हणतेय मी. सभा घेऊ. गणसंख्या पूर्ण आहे."

आणि खरंच सभा भरली. लिफ्टमध्ये. मी खजिनदारकाकांच्या पाठीवर कागद ठेवून इतिवृत्त लिहू लागलो. ते हसले की अक्षर हलायचं. रंगाऱ्याला एका प्रार्थनेपुरतं तात्पुरतं सभासद करावं का? काका म्हणाले, अर्ज लागेल. गाणाऱ्या काकू म्हणाल्या, आधी गीत, मग प्रार्थना, क्रम मोडू नये. काकूंचे यजमान म्हणाले, त्याला गाता येत नाही. यावर पाच मिनिटं. शेवटी पाळकसाहेब वैतागून म्हणाले, "अहो, टाका मंजूर करून!" मतदान झालं. सहा विरुद्ध शून्य.

"रंगाऱ्या, मंजूर!" बाई ओरडल्या.

मी मान वर करून पाहिलं. बूट नव्हते.

"तो मघाशीच पळाला," वरून वॉर्डबॉय म्हणाला. "तुमची सभा सुरू झाली तेव्हाच."

पुढचं मला नर्सनं सांगितलं. तिनं त्याला तीनदा हात धुवायला लावले, तरी नखांतला निळा रंग गेला नाही. मावशी पलंगाची कड धरून बसलेली. त्याला पाहून म्हणाली, "तू एकटाच? बाकीचे?"

"अडकलेत. मावशी, मला येत नाही गं."

"मलाही ऑपरेशन करून घेता येत नाही. कर लवकर."

त्यानं तिचा हात धरला. "प्रभू, मावशीला भीती वाटतेय. मलापण. मला आत सोडणार नाहीत, म्हणून तू जा. भिंतीची कड रंगवताना माझा हात थरथरतो, तसा डॉक्टरांचा थरथरू देऊ नकोस. आमेन. एवढंच येतं."

"आमेन," मावशी म्हणाली. "चला, न्या मला."

रंगारी निघणार, तर शेजारच्या पलंगावरून आवाज. "ओ भाऊ, एक आमच्याकडं पण!" मग त्याच्या शेजारून.

मेकॅनिकच्या तासाचे अडीच तास झाले. त्यानं आम्हाला बाहेर काढलं तेव्हा आमचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे झाले होते. वॉर्डात गेलो. रंगारी सहाव्या पलंगाशी. आणि मावशी ऑपरेशन उरकून परतलेली, डोळ्यावर पट्टी, चेहरा एकदम राणीसारखा. डॉक्टर म्हणाले होते, डोळा वाचला.

बाईंनी मावशीचा हात हातात घेतला आणि पत्रिका उघडली. "मावशी, आम्ही तुम्हाला धीर द्यायला आलोत."

"अगं बाई, तुमचेच हात किती गार पडलेत!" मावशी म्हणाली. "घाबरलात ना आत? या, बसा सगळे. मी करते तुमच्यासाठी प्रार्थना."

सगळ्यात आधी पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मग काकांनी. बाई क्षणभर ताठ उभ्या राहिल्या, मग त्यांनी पत्रिकेची घडी घातली आणि स्टुलावर बसल्या. मावशीनं आमच्यासाठी अशी प्रार्थना केली की खजिनदारकाका रडले. शेवटी पाळकसाहेब मला हळूच म्हणाले, "सेवा प्रत्येकानं करायची असते, हे मी पंधरा वर्षं सांगतोय. ऐकलं कुणी? पिशवीवाल्यानं!"

बाईंनी रंगाऱ्याला तिथंच सभासद करायचं म्हटलं. तो हात जोडून म्हणाला, "बाई, नको. मला शनिवारची वाट बघता येणार नाही."

आणि बाई हसल्या. पत्रिकेत नसताना.

खाली रस्त्यावर आल्यावर त्यानं माझा दंड धरला. "ऐक. चौदा नंबरच्या म्हाताऱ्याचं परवा ऑपरेशन आहे. त्याचं कुणीच नाही. माझं एक काम अर्ध्यावर आलंय, परवा ते सोडता येत नाही. तू जा ना."

"मी? मला फक्त इतिवृत्त लिहिता येतं, यार. बोलू काय?"

"आधी त्याचं नाव विचार. मी गडबडीत विसरलो."

"विचारतो," मी म्हणालो. "परवा सकाळी आठला. एकटा जातो, कुणाला न विचारता. शब्द देतो तुला."