अकरावीतले एलोजीचाचा

सकाळी साडेदहाला चिंचवडच्या आमच्या आळीतून एक विद्यार्थी हायस्कुलात निघायचा. खाकी हाफपँट, पांढरा सदरा, खांद्याला दप्तर आणि ओठांवर झुबकेदार पांढऱ्या मिशा. वय साठीला टेकलेलं. नव्या माणसाला वाटे, शाळेचा घंटावाला असेल. कोपऱ्यावरचा दूधवाला तर रोज न चुकता विचारी, "काय म्हातारबा, आज पण शाळा हाय व्हय?"

"हाय," चाचा चालता चालता सांगत, "आणि तुझ्या दुधात आज पण पाणी हाय. सबब ऐकून घेतली जाणार नाही."

हे आमचे एलोजीचाचा. दिघीच्या बाजूला लष्कराच्या वर्कशॉपात त्यांनी उभी हयात स्टोअरकीपर म्हणून काढली. 'सबब ऐकून घेतली जाणार नाही' हे वाक्य तिथूनच त्यांच्याबरोबर पेन्शनीत निघालं. दारात आलेल्या शेळीलाही ते हेच बजावत. शाळेत गणवेश हाफपँटचा, आणि वरच्या वर्गातल्या पोरांनी मुख्याध्यापकांच्या मागं लागून पायजम्याची सूट मिळवलेली. चाचांनी ती नाकारली. "नियम म्हणजे नियम. शिवाय चार हाफपँटी नोकरीतल्या शिल्लक आहेत."

आता मी काय करत होतो ते सांगतो. मी पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचो, आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचो. आमच्या युवक मंडळाचं गाजलेलं पत्रक माझंच: 'शिष्यवृत्ती ही भीक नव्हे, हक्क आहे!' ते मी चाकणपासून दापोडीपर्यंत वाटलं. कुरुळीच्या एका मोळीवाल्यानं ते चारही बाजूंनी निरखून विचारलं होतं, "ह्याच्यात काय बांधून देत न्हाईत का?" मी चिडलो नाही. चिडायची माझी ठिकाणं दुसरी होती. ती म्हणजे सरकारी कचेऱ्या आणि धर्मादाय फंड.

कारण घरात माझी धाकटी बहीण शमशाद सातवी चांगल्या मार्कांनी पास होऊन बसली होती. अब्बा गाद्या पिंजणार, मी खिळे जुळवणार, त्यात हायस्कूलची फी बसत नव्हती. अल्पसंख्य मुलांसाठी सवलती आहेत असं भाषणांतून ऐकलं, म्हणून मी कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी मुली चालत नव्हत्या. दुसऱ्या ठिकाणी मुली चालत, पण पिंजाऱ्यांच्या नव्हे. तिसऱ्या ठिकाणी साहेब जेवायला गेले होते, ते बहुधा अजून जेवतायत. तिकडे पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता. त्याच्या प्रयोगशाळेत मॅट्रिक झालेल्या मुलींनाही घेणार अशी बोलवा होती. शमशाद जात्या येत्या माणसाला विचारायची, "भिंती कुठवर आल्या?" तिच्या मॅट्रिकच्या आधी कारखाना पुरा होतो की काय, याचा तिला घोर लागलेला.

आणि माझ्या डोळ्यांसमोर एक अख्खी शिष्यवृत्ती रोज सकाळी हाफपँट घालून शाळेत चालली होती!

त्याचं असं होतं. चाचा बेने इस्रायली. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असत आणि ते शनिवारी बंद राहत. त्यांच्यातल्याच एका तेलाच्या व्यापाऱ्यानं मरताना फंड ठेवला होता: दापोडीच्या पुलापलीकडच्या गावांतला, आपल्या समाजाचा एक विद्यार्थी हायस्कुलात शिकवावा. जागा एक वर्ष जरी रिकामी राहिली, तर सगळी रक्कम रस्त्याकडेला घोड्यांना पाणी पाजायचा हौद बांधण्यात घालावी.

समाजाची घरं एकेक करून बोटीनं नव्या देशाला गेली. चाचांचे दोन्ही मुलगे गेले. चाचींची कबर इथं म्हणून चाचा राहिले. शिष्यवृत्तीवरचा शेवटचा पोरगा बोटीत बसला, त्या जूनमध्ये चाचांनी फंडाचा कागद वाचला. त्यात वयाची अट नव्हती. कुणाला सुचलीच नसणार. लहानपणी सातवीला सोडलेली शाळा चाचांनी आठवीपासून पुन्हा धरली.

"घोड्यांना हौद!" ते म्हणत. "रस्त्यावर बघ. टांगे किती आणि ट्रक किती? ट्रक पाणी पिणार?"

"ट्रकही पितात, चाचा."

"हौदाला तोंड लावून पितात का? सबब ऐकून घेतली जाणार नाही."

मी त्यांना अल्पसंख्यांच्या हक्कांवर चार शब्द सुनवायला गेलो, तर त्यांनी मलाच सुनावलं. "तुम्ही कसले अल्पसंख्य, रशीद? चाकणला तुमची आख्खी आळी आहे. ईदला शेवया कमी पडतात. मी बघ. मी अल्पसंख्य नाही, मी एकसंख्य."

वर्गात त्यांची मजा होती. शिक्षक आपटे सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. चाचांना शिक्षा करताना सर लाजत आणि चाचा शिक्षा केलीच पाहिजे असा आग्रह धरत. शनिवारी सकाळची शाळा असे, पण शनिवार त्यांचा पवित्र. ते घरी राहत आणि सोमवारी गैरहजेरीबद्दल आपण होऊन बाकावर चढून उभे राहत. "काका, उतरा हो," सर गयावया करत. "तास भरल्याशिवाय नाही," हे वरून.

शनिवारी चाचा विस्तव पेटवत नसत आणि पेन धरत नसत. चूल पेटवायला शमशाद जायची. चहा होईतो चाचा तिला बीजगणितातली उदाहरणं तोंडी सांगत, ती कोळशानं फरशीवर सोडवी. अशी तिची आठवी आणि नववी चाचांच्या स्वयंपाकघरात, न्हाणीच्या पाण्यानं धुवून टाकता टाकता, झाली होती.

पण चाचा अकरावीत गेले आणि घोटाळा झाला. मॅट्रिक पास झाले तर शाळा संपली, जागा रिकामी. नापास झाले तर नापासाला शिष्यवृत्ती नाही, जागा रिकामी. दोन्हीकडून हौद. मी म्हणालो, "चाचा, ही जागा शमशादला द्या."

"अट आहे. आमच्या समाजाचं मूल."

"अट बदलून घ्या!"

"मागायला गेलो, तर म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणतील."

"तसं आत्ता कोण म्हणत नाही?"

माझं डोकं फिरलं. मी एका बैठकीत पत्रक जुळवलं: 'साठीच्या विद्यार्थ्याचे काय करायचे?' खाली माझं नाव ठळक. जागा अडवून बसणारे म्हातारे, मेलेल्यांच्या अटी आणि जिवंत मुलींचं नुकसान, सगळं त्यात घातलं. वाटायला निघालो, तर चाचा दारातच. त्यांनी पत्रक वाचलं, 'म्हातारे'वर थबकले आणि हात पुढे केला.

"गठ्ठा आण इकडे. मी रोज शाळेत जातोच, मी वाटतो."

आणि वाटले की हो! आपटे सरांना दिलं, मुख्याध्यापकांना दिलं, दूधवाल्याला दिलं. त्यानं त्यात खवा बांधला. स्वतःच्या विरुद्धची चळवळ इतक्या निष्ठेनं चालवणारा कार्यकर्ता आमच्या मंडळाला कधी मिळाला नाही.

आठवड्याभरात पुण्याहून फंडाचे वकील आले. सोमवार होता. काळा कोट, हातात माझं पत्रक. आधी आमच्या घरी येऊन त्यांनी लेखकाला शोधून काढलं आणि म्हणाले, "चला, तो विद्यार्थी दाखवा." मी छापखाना बुडवला.

आम्ही वर्गात शिरलो तेव्हा विद्यार्थी बाकावर उभा होता.

वकील चाचांच्याच समाजाचे आणि त्यांच्याच वयाचे. ते वर बघत राहिले. चाचांच्या उघड्या गुडघ्यांवर नजर गेली, तशी त्यांनी ती सभ्यपणे खिडकीकडे वळवली.

"शालोम, वकीलसाहेब," चाचा म्हणाले. "वरून बोलतोय, माफ करा. सरांनी अजून उतर म्हटलेलं नाही."

"उतरा! उतरा!" सर ओरडले.

"तास व्हायचाय."

पोरं खुसखुसली. वकिलांचे कान लाल झाले. "तुम्ही चार वर्षं फंडाची फसवणूक करताय!"

"कुठली अट मोडली? वय लिहिलंय का? हजर आहे, पास होतोय, गणवेशात आहे."

"मग हे पत्रक?"

"ते मीच तुम्हाला टपालानं धाडलं. नुसतं बोलावलं असतं तर आला नसतात."

मी चाचांकडे बघतच राहिलो. माझं पत्रक कुणी इतकं कामाला लावलं नव्हतं. एवढ्यात चाचांचा डबा घेऊन शमशाद दारात आली. चाचा डबा कधी विसरत नसत. त्या दिवशी विसरले होते.

"ही पोरगी," चाचा म्हणाले. "जागा हिला द्या."

"ही आपल्यातली नाही, एलोजी."

"नाही. ही पिंजाऱ्याची लेक, तिच्या घरचीच राहणार. पण आपले सगळे बोटीत बसले तेव्हा माझा शनिवार कुणामुळं टिकला? चूल हिनं पेटवली म्हणून मी विस्तवाला हात लावला नाही. वकीलसाहेब, पुण्याला तुमच्याकडे शनिवारी चहा कोण करतं?"

वकील पुटपुटले, "शेजारची हमीदा."

"ती शाळेत जाते?"

वकिलांनी कोटाचं बटण लावलं, मग काढलं.

"आपल्या शेठजीनं फंड ठेवला," चाचा म्हणाले, "तेव्हा आपल्या पोरांना कुणी विचारत नव्हतं म्हणून. आज हिला कोण विचारतंय? हा रशीद कचेऱ्या झिजवून आला. सगळीकडे सबब ऐकून आला."

वकिलांनी शमशादला विचारलं, "शिकून काय करणार?"

"कारखान्यात जाणार. प्रयोगशाळेत. भिंती वर आल्यात," ती एका दमात म्हणाली.

वकील खुर्चीवर बसले. म्हणाले, अट सैल करायचा अधिकार त्यांना आहे. आजवर समाजातल्या कुणी तशी मागणी केली नव्हती, इतकंच. पण एका वेळी विद्यार्थी एकच. हिचं नाव लावायचं तर एलोजींचं आजच काढावं लागेल. मॅट्रिकची परीक्षा थोड्याच महिन्यांवर होती.

"थांबा की," आपटे सर म्हणाले. "मार्चपर्यंत काकांना बसू द्या. ते पास होतील हो!"

"आणि जूनपर्यंत वकीलसाहेबांचं मन बदललं तर?" चाचा म्हणाले. मग ते जपून, बाकाला धरून खाली उतरले. तास भरला नव्हता. दप्तर त्यांनी शमशादच्या खांद्याला अडकवलं आणि डबा स्वतः घेऊन घरी गेले.

शमशादला परीक्षा घेऊन थेट नववीत घेतलं. आळीत साखर वाटली. मी विजयाचं पत्रक काढलं, त्यात माझं नाव जरा जास्तच ठळक पडलं.

पुढे आठ-दहा दिवसांत अम्मी म्हणाली, "एलोजीभाई दिसत नाहीत रे. दूधवाला विचारत होता." मी गेलो. चाचा आतल्या खाटेवर बसले होते, धोतर नेसून. धोतरात ते एकदम म्हातारे दिसत होते.

"बरं नाही का?"

"बरा आहे. सकाळी तेवढी जात नाही."

"चाचा, परीक्षेला बाहेरून बसता येतं. मी चौकशी करतो. नाही म्हणाले तर पत्रक काढतो!"

ते हसले. "परीक्षा कुणाला हवीय? मला बीजगणित कुठं येतं? ते येतं शमशादला."

"मग शाळेचं काय एवढं?"

ते मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "आपटे सर हजेरी घ्यायचे. रोज. एलोजी मोशे नागावकर. अगदी सावकाश, चुकू नये म्हणून. तू चाचा म्हणतोस, दूधवाला म्हातारबा म्हणतो. चांगलंच आहे ते. पण बापाचं नाव लावून हाक मारणारं आता पुलाच्या या अंगाला कुणी राहिलं नाही, बेटा. पोरांची पत्रं येतात. पण ती मलाच वाचावी लागतात."

यावर काय पत्रक काढणार? मी उठून आलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी गाठायला निघालो, तो त्यांच्या दाराशी पाय थांबले. आळी जागी होती, बायका नळावर होत्या, दूधवाला कोपऱ्यावर उभा होता. सभांत मी हजार माणसांपुढे ओरडलोय, पण तेव्हा आधी इकडेतिकडे बघून घेतलं.

"एलोजी मोशे नागावकर!"

नळावरच्या बायका वळून बघायला लागल्या. आत काहीच हाललं नाही. मी जायला वळलो, तेवढ्यात खाट करकरली.

"हजर," आतून आवाज आला. आणि जरा थांबून, "उद्यापासून मोठ्यानं घे. मागच्या बाकावर ऐकू येत नाही."